दाब आणि वाट: वलवण, खोपोली आणि सुरक्षा झडपेचा इतिहास

इतिहासाच्या विद्यार्थ्याला ‘सेफ्टी व्हॉल्व्ह’ हा शब्द प्रथम भेटतो तो काँग्रेसच्या स्थापनेच्या प्रकरणात. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी साठत चाललेल्या असंतोषाला वाट करून देण्यासाठी १८८५ साली काँग्रेस घडवून आणली, असा तो सिद्धान्त. विल्यम वेडरबर्न यांचे ह्यूमचरित्र १९१३ साली प्रसिद्ध झाले, त्यातील मजकुरावर तो उभा राहिला. पुढे १९१६ साली लाला लजपतराय यांनी ‘यंग इंडिया’ या पुस्तकात काँग्रेसच्या मवाळ परंपरेवर टीका करताना तो शस्त्रासारखा वापरला. परीक्षेत या सिद्धान्ताचे परीक्षण करण्यास सांगतात. मूळ झडप कशी असते, हे मात्र कोणी विचारत नाही.

हा धागा त्या मूळ झडपेविषयी आहे. पाण्याचा दाब वाढला की त्याला वाट कशी द्यायची, या प्रश्नाचा हा इतिहास. त्याचे केंद्र पुणे जिल्ह्यातील वलवण हे आहे, कारण लजपतराय ते रूपक वापरत होते त्याच काळात लोणावळ्याजवळील या गावचे पाणी घाटाखाली उतरवून मुंबईच्या गिरण्या चालवल्या जात होत्या, आणि त्या पाण्याच्या दाबाला ताब्यात ठेवण्यासाठी तेथे बरेच डोके खर्ची पडले होते.

प्रथम झडपेचा जन्म. फ्रेंच संशोधक दनी पापँ याने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक बंद भांडे मांडले. त्यात हाडेसुद्धा शिजून मऊ होत. आपल्या स्वयंपाकघरातील कुकरचा हा थेट पूर्वज. बंद भांड्यात वाफ कोंडली की भांडे फुटणार, हे पापँच्या ध्यानात आले. म्हणून त्याने झाकणाला एक छिद्र ठेवले, त्यावर बूच बसवले आणि ते बूच एका दांडीला टांगलेल्या वजनाने दाबून धरले. वाफेचा जोर त्या वजनाहून अधिक झाला की बूच उचलले जाई, जादा वाफ निसटे आणि बूच पुन्हा बसे. कुकरची शिट्टी हेच करते. पुढे वजनाच्या जागी स्प्रिंग आली. तत्त्व बदलले नाही.

या तत्त्वात एक अडचण जन्मापासून आहे. झडप आपले काम करीत असते तेव्हा ती बिघडल्यासारखी दिसते. तिच्यातून वाफ जाते, पाणी ठिबकते, म्हणजे इंधन वाया जाते. जो पैसा मोजतो त्याला ती गळती वाटते, आणि गळती थांबवणे हा कोणत्याही काटकसरी माणसाचा पहिला विचार असतो. एकोणिसाव्या शतकात वाफेच्या इंजिनांवर काम करणारे लोक जास्त जोर मिळवण्यासाठी झडपेवर जादा वजन टांगत, प्रसंगी ती बांधूनही टाकत. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलरचा भीषण स्फोट होऊन माणसे दगावली, आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलरच्या तपासणीचा कायदा झाला. देशभर लागू झालेला भारतीय बॉयलर कायदा १९२३ सालचा. झडप मालकाच्या मर्जीवर सोडता येत नाही, हे सरकारला मान्य व्हायला इतका काळ जावा लागला.

आपल्याकडे मात्र पाण्याच्या दाबाचा प्रश्न बॉयलरच्या आधीपासून सोडवला जात होता, आणि तोही एकही हलता भाग न वापरता.

पुण्याला कात्रजच्या तलावातून पाणी आणण्याची योजना नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५०च्या सुमारास झाली. कात्रजपासून शनिवारवाड्यापर्यंत दगडी बांधणीचा भूमिगत मार्ग होता आणि शहरात त्यावर काळा हौद, बदामी हौद यांसारखे हौद भरत. या मार्गावर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले होते. उच्छ्वास म्हणजे जमिनीतील जलमार्गातून वर उघड्या हवेत आलेली बांधीव नळी किंवा बुरूज. या शब्दावर क्षणभर थांबावेसे वाटते. नळातून पाणी वाहते तेव्हा त्याच्याबरोबर हवाही अडकते; ती उंचवट्यावर साठते, प्रवाह अडवते आणि अवचित सुटली की बांधकामाला धक्के देते. कोठे मार्ग तुंबला तर मागच्या पाण्याचा दाब चढतो. उच्छ्वासामुळे हवेला बाहेर पडायला आणि पाण्याला वर चढायला मोकळी जागा मिळते, सफाईसाठी आत उतरताही येते. श्वास सोडण्याची जागा, असा अर्थ त्या नावातच आहे. ‘प्रेशर रिलीफ’ला मराठीत प्रतिशब्द शोधणाऱ्यांनी पेशवाईत एकदा डोकावून पाहावे.

छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे जुन्या औरंगाबादेस, मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी नहर आणली. तेथील पुढच्या काळातील नहरींवर, पाणचक्कीकडे येणाऱ्या नहरीवरही, वाटेत उंच मनोरे आहेत. बंद नळातून आलेले पाणी मनोऱ्यात वर चढते आणि दुसऱ्या बाजूने खाली उतरते. मनोऱ्याची उंची ही त्या नळातील दाबाची कमाल मर्यादा. तीहून दाब वाढला तर पाणी वरून सांडेल, पण मातीचा नळ फुटणार नाही. सांडलेले पाणी डोळ्यांना दिसते, फुटलेला नळ जमिनीखाली दिसत नाही; त्या कारागिरांनी काय पत्करायचे ते नीट ठरवले होते.

घराघरांत हेच तत्त्व तांब्याच्या बंबात होते. जुन्या वाड्यांत पाणी तापवण्यासाठी जो बंब असे, त्याच्या मधोमध विस्तवाची नळी आणि भोवती पाणी. एका बाजूच्या तोंडातून गार पाणी ओतले की तेवढेच तापलेले पाणी दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. बंब कधीच बंद नसतो. त्यामुळे त्याला झडप लागत नाही आणि तो फुटतही नाही. अनेक घरांतून बंब गेला आणि भिंतीवर बंद टाकीचा गिझर आला, तेव्हा आपण सोय घेतली आणि तिच्याबरोबर दाबही घेतला. गिझरकडे आपण शेवटी येऊच. आधी वलवण.

सह्याद्रीच्या माथ्यावर लोणावळा परिसरात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. हे पाणी इंद्रायणीतून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जाते. पण लोणावळ्यापासून काही किलोमीटर पश्चिमेला डोंगर एकदम तुटतो आणि कोकण सुरू होते. माथ्यावरचे पाणी अडवून पूर्वेऐवजी पश्चिमेच्या कड्यावरून खाली सोडले, तर पडताना ते यंत्र फिरवील, ही कल्पना मुंबईतील डेव्हिड गॉस्टलिंग यांची. जमशेटजी टाटांनी ती उचलून धरली. १९०४ साली त्यांचे निधन झाले, आणि योजना उभी करण्याचे काम दोराबजी टाटांकडे आले. १९१० साली कंपनी स्थापन झाली. ८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळ्यात मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी पायाभरणी केली आणि बरोबर चार वर्षांनी, ८ फेब्रुवारी १९१५ रोजी, लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते खोपोलीचे वीजघर सुरू झाले.

योजनेत तीन तलाव: लोणावळा, वलवण आणि शिरोटा. शिरोट्याचे पाणी डोंगरातील बोगद्यातून वलवणला येते. वलवणचे धरण दगडी, सुमारे २६ मीटर उंच आणि सव्वा किलोमीटरहून अधिक लांब. तेथून बांधीव कालव्यांनी पाणी खंडाळ्याला नेले जाते, तेथे एका उघड्या कुंडात साठते, आणि त्या कुंडातून पोलादी नळांमध्ये शिरून कड्यावरून खाली खोपोलीला उतरते. कुंडापासून वीजघरापर्यंतची उतरण सुमारे ५२५ मीटर.

हा आकडा दाबाच्या भाषेत सांगतो. पाण्याच्या दर दहा मीटर उंचीमागे साधारण एक वातावरण इतका दाब. म्हणजे खोपोलीत नळाच्या तळाशी पन्नासहून अधिक वातावरणांचा दाब, दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ५२ किलोचा भार. घरगुती गिझरची टाकी ज्या दाबासाठी बनवलेली असते, त्याच्या हा सहापटींहून अधिक. हे पाणी तोटीतून सुटते तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे शंभर मीटर भरतो, ताशी साडेतीनशे किलोमीटरहून जास्त. एवढ्या उंचीसाठी योग्य चाक होते ते पेल्टनचे. कॅलिफोर्नियातील सोन्याच्या खाणींच्या परिसरात काम करणाऱ्या लेस्टर पेल्टन याने १८८० साली त्याचे पेटंट घेतले होते. चाकाच्या परिघावर दुहेरी वाट्या. पाण्याची धार दोन वाट्यांमधल्या कडेवर आदळते, दुभंगते आणि दोन्ही बाजूंनी मागे वळून खाली पडते.

आता खरा प्रश्न. स्थिर दाब कितीही मोठा असला तरी तो हिशेबात बसतो. नळाची जाडी त्यानुसार ठरवता येते. धोका असतो तो वाहते पाणी अवचित थांबवण्यात. घरात तोटी झटकन बंद केल्यावर भिंतीतल्या पाइपातून ‘धप्’ असा आवाज येतो, तेच हे. लांब नळातील पाणी म्हणजे धावती मालगाडी. तिला एकदम अडवले तर मागचे डबे पुढच्यांवर आदळतात आणि तो धक्का लाटेसारखा मागे जातो. मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याचे नळ का फुटतात याचा शोध घेताना निकोलाय झुकोव्स्की यांनी १८९८च्या सुमारास प्रयोग करून याचे गणित मांडले. पोलादी नळात ही दाबाची लाट सेकंदाला साधारण एक किलोमीटर धावते, आणि पाण्याचा वेग एका सेकंदाला एक मीटर असला व तो क्षणात शून्यावर आणला, तर सुमारे शंभर मीटर उंच पाण्याइतका जादा दाब पडतो. वेग तीन मीटर असेल तर तीनशे मीटर. खोपोलीच्या ५२५ मीटरवर आणखी तीनशे!

लाट नळातून वरच्या उघड्या कुंडापर्यंत जाते आणि परतते, त्याला काही सेकंद लागतात. तेवढ्या वेळाहून लवकर पाणी बंद केले तर पूर्ण धक्का बसतो. सावकाश बंद केले तर परतलेली लाट तो धक्का बराचसा खाऊन टाकते. म्हणून पाणी हळू बंद करावे, हा उपाय साधा वाटतो. पण वीजघर तसे करू देत नाही. खोपोलीहून मुंबईपर्यंत एक लाख व्होल्टच्या दाबाने वीज नेणारी तार होती. पावसाळ्याच्या तोंडाशी घाटात वीज कडाडली, तारेत दोष आला आणि भार सुटला, की चाकाला अडवणारे काहीच उरत नाही. त्याच वेगाची धार मोकळ्या चाकावर आदळत राहिली तर ते काही सेकंदांत बेफाम फिरू लागते. म्हणजे चाक वाचवायचे तर पाणी ताबडतोब तोडायला हवे, आणि नळ वाचवायचा तर पाणी मुळीच ताबडतोब तोडता कामा नये.

पेल्टन चाकावरचे उत्तर मला या साऱ्या विषयातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. तोटीच्या आत पुढे-मागे होणारी भाल्याच्या आकाराची सुई असते आणि तोटीसमोर एक पोलादी पाते. भार सुटला की पाते क्षणात धारेत शिरते आणि धार चाकावरून बाजूला वळवते. पाणी थांबत नाही. त्याच वेगाने बाहेर पडत राहते, फक्त चाकाला न लागता खालच्या चरात जाते. नळाला काही घडल्याचा पत्ताही लागत नाही. मग सुई सावकाश, आपल्या सवडीने, तोटी मिटवते. फ्रान्सिस पद्धतीच्या चाकांत अशी धार नसते. तेथे याच कामासाठी नळाला बाजूने दाब सोडणारी झडप बसवतात; चाकाच्या झडपा झटकन मिटतात तेव्हा ती झटकन उघडते आणि नंतर हळू मिटते. दोन्हींत एकच विचार आहे: पाण्याला ‘नाही’ म्हणण्यापूर्वी दुसरी वाट दाखवायची.

या उपायाची किंमत म्हणजे वाया गेलेले पाणी. वलवणच्या तलावात चार महिन्यांत साठवलेले, आठ महिने पुरवायचे पाणी चाकाला न लागता चरात जाते. कंपनीच्या हिशेबात तो तोटाच. पण खोपोलीच्या अभियंत्यांनी तो आधीच पत्करलेला होता.

हाच हिशेब धरणाच्या माथ्यावरही मांडावा लागतो. तेथील सुरक्षा झडप म्हणजे सांडवा. दगडी धरणाचा भिंतीमागच्या पाण्याशी टिकाव लागतो तो स्वतःच्या वजनावर. पाणी ठरल्यापेक्षा वर चढले तर भिंतीवरील रेटा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि भिंत उलथवू पाहणारा जोर त्याहूनही वेगाने. म्हणून एका ठरलेल्या पातळीला पाणी आपोआप बाहेर गेलेच पाहिजे. आजही जुलै-ऑगस्टमध्ये लोणावळा, वलवणचे तलाव भरत आले की इंद्रायणीकाठच्या गावांना विसर्गाचा इशारा दिला जातो. येथे झडपेची दुसरी बाजू दिसते. गिझरची झडप उघडली तर न्हाणीघर ओले होते. धरणाची उघडली तर खालच्या गावात पाणी शिरते. दाब नाहीसा होत नसतो, तो दुसऱ्याच्या दारात जातो. म्हणून सोडलेले पाणी कोठे जाणार, हा प्रश्न अभियांत्रिकीपुरता राहत नाही.

आपल्याच जिल्ह्यात याचा सर्वांत कठोर दाखला आहे: १२ जुलै १९६१, पानशेत. ते मातीचे धरण त्या पावसाळ्यात अपुरे होते, तरी त्यात पाणी साठले. धरणाच्या पोटातून पाणी बाहेर काढणारा विमोचक पूर्ण झालेला नव्हता. त्याच्या दरवाजांचे काम अर्धवट होते. त्यातून धक्के खात सुटलेल्या पाण्याने विमोचकाचे बांधकाम निकामी झाले आणि त्यावरचा मातीचा भराव खचत गेला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून माथा उंच राखण्याची शर्थ केली. सकाळी पानशेत फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फोडले, आणि पुण्याचा नदीकाठ पाण्याखाली गेला. पानशेतविषयी बोलताना आपण बहुधा ‘धरण फुटले’ एवढेच म्हणतो. मला वाटते, ‘पाण्याची वाट पुरी होण्याआधी पाणी साठवले’ असे म्हणणे अधिक अचूक ठरेल. घाई साठवणीची होती. वाट मागे राहिली.

आता त्या रूपकाकडे थोडे वळू या, कारण वलवणचा इतिहास त्यालाही एक वळण देतो. खोपोली यशस्वी झाल्यावर टाटांनी पुढची पावले टाकली: १९२२ साली भिवपुरी, १९२७ साली भिरा. भिऱ्यासाठी मुळा-निळा नद्यांच्या संगमाजवळ मुळशीला धरण बांधायचे होते आणि मावळ्यांची भातखाचरे त्यात जाणार होती. १८९४च्या भूसंपादन कायद्याने सरकार कंपनीसाठी जमीन घेऊ शकत होते. त्या कायद्यात मोबदल्याच्या रकमेवर तक्रार करण्याची सोय होती; जमीन देणार नाही असे म्हणण्याची वाट व्यवहारात नव्हती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यातून ‘सेनापती’ झाले. १९२४ साली त्यांनी कामावरची रेल्वेगाडी अडवण्यापर्यंत मजल मारली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. धरण झालेच.

हा प्रसंग येथे आणण्याचे कारण निव्वळ शब्दसाम्य नाही. सेफ्टी व्हॉल्व्हच्या सिद्धान्तात असे गृहीत धरलेले असते की झडप बसवणारा वरचा आहे, दाब खालचा आहे, आणि झडप दाब संपवते. यंत्रातील झडप दाब संपवीत नाही. ठरलेल्या मर्यादेत राखते, म्हणजे यंत्र चालू राहते. आणि ती मर्यादा कोणी ठरवायची, हाच खरा वाद असतो. बिपन चंद्र यांनी हा सिद्धान्त खोडून काढताना दुसरे यंत्र पुढे केले: सरकारी रोष अंगावर येऊ नये म्हणून काँग्रेसच्या आरंभीच्या नेत्यांनीच ह्यूम यांचा वीजरोधकासारखा उपयोग करून घेतला, असे त्यांचे म्हणणे. खोपोलीच्या वीजघराला झडप आणि वीजरोधक दोन्ही लागत होते, हे बिपन चंद्रांचे विधान वाचताना मला नेहमी आठवते. मुळशीत मात्र दोन्हींपैकी एकही नव्हते. पाण्याच्या प्रत्येक थेंबाला वाट काढणाऱ्या त्या काटेकोर आराखड्यांत माणसांच्या ‘नाही’ला कोठे जागा ठेवलेली दिसत नाही.

आता घरातला गिझर. हल्ली वलवण, पवना परिसरात मुक्कामाला चाकांवरची घरे येऊ लागली आहेत. राज्याने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही जाहीर केले. अशा गाडीत पाणी तापवणारी छोटी बंद टाकी असते आणि तिच्यावर पापँच्या त्याच वंशातली झडप. पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर तापले की सुमारे दीड टक्क्याने फुगते. वीस लिटरच्या टाकीत हे जादा पाणी तीनशे मिलिलिटर भरते. पाणी दाबून बसत नाही, म्हणून ते तीनशे मिलिलिटर कोठेतरी गेलेच पाहिजे. गाडीतील टाकीच्या माथ्याशी थोडी हवा कोंडलेली असते. ती दबते आणि जागा करून देते. थोडक्यात, टाकीतला उच्छ्वास. कालांतराने ही हवा पाण्यात विरघळत जाते, टाकी काठोकाठ भरते आणि मग दर तापण्याबरोबर झडप ठिबकू लागते.

लोक येथेच चुकतात. ठिबकणाऱ्या झडपेच्या तोंडाला बूच मारतात, किंवा हार्डवेअरच्या दुकानातून बसेल ती झडप आणून लावतात. बॉयलरच्या झडपेवर वजन टांगणाऱ्यांचा आणि यांचा तर्क एकच. बंद टाकीतील पाणी थर्मोस्टॅट बिघडल्यामुळे शंभर अंशांपलीकडे तापले तरी दाबामुळे ते उकळत नाही. टाकी फुटली की त्याच क्षणी त्याची वाफ होते, आणि स्फोटाचा जोर त्या वाफेचा असतो. त्यामुळे ठिबक दिसली की आधी वीज आणि गॅस बंद करून पाणी पूर्ण थंड होऊ द्यावे, बाहेरून येणारे पाणी तोडावे, गरम पाण्याची एक तोटी उघडावी, आणि झडपेची कळ उचलून पाणी येईनासे होईपर्यंत धरावी. माथ्याशी पुन्हा हवा भरते. कळ सोडून टाकी चालू केल्यावर ठिबक थांबली, तर झडप शाबूत होती आणि आपले काम करीत होती.

न थांबली, तर बैठकीवर क्षार जमलेला आहे किंवा स्प्रिंग थकली आहे. झडप बदलावी लागते. टाकी रिकामी करून जुनी झडप पान्याने सोडवावी, आट्यांवरचा जुना लेप पुसावा, नव्या झडपेच्या आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळावी आणि हाताने आटे जुळल्याची खात्री करूनच पाना लावावा. नव्या झडपेवर कोरलेला दाबाचा व तापमानाचा आकडा टाकीच्या पाटीवरील आकड्याहून अधिक असता कामा नये. तोंडाला जोडलेली नळी खाली उतरती आणि शेवटी उघडी ठेवावी, वाटेत कोठेही तोटी नको. टाकी भरताना गरम पाण्याची तोटी उघडी ठेवून हवेची फसफस थांबून धार सलग होईपर्यंत थांबावे, मगच गॅस पेटवावा. पुढे वर्षातून एकदोनदा, पाणी थंड असताना, कळ उचलून सोडावी, म्हणजे क्षाराने ती चिकटून बसत नाही.

पुढचा धागा भोर घाटातील रेल्वेवर, १८६३ साली सुरू झालेल्या त्या चढणीवर आणि उतारावर ताबा सुटलेल्या गाड्यांसाठी तेथे राखलेल्या मार्गांवर.